सायकोसिसमधून सावरणाऱ्या तरुणांचे पुनर्वसन

सायकोसिस किंवा चित्तविकृती या अवस्थेतून गेलेल्या तरुण व्यक्तीला शिक्षण, रोजगार, नातेसंबंध आणि स्वावलंबी जीवन यांकडे पुन्हा वळता यावे, यासाठी केल्या जाणाऱ्या वैद्यकीय, मानसशास्त्रीय व सामाजिक प्रयत्नांना एकत्रितपणे मनोसामाजिक पुनर्वसन असे म्हणतात. हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. माणूस आयुष्याची घडी बसवत असतो, नेमका त्याच काळात त्याचा आघात होतो. औषधांनी भास आणि भ्रम ओसरले तरी अर्धवट राहिलेले शिक्षण, दुरावलेले मित्र आणि गमावलेला आत्मविश्वास आपोआप परत येत नाहीत. ते परत मिळवण्यास मदत करणे हे पुनर्वसनाचे काम होय.

लक्षणे कमी होणे आणि व्यक्ती आयुष्यात सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या क्षेत्राचे मूळ सूत्र आहे. म्हणून पुनर्वसन हा उपचार संपल्यानंतरचा टप्पा मानला जात नाही. पहिल्या आघाताचे निदान होताच, औषधोपचारासोबतच त्याची सुरुवात व्हावी, असे आधुनिक मानसोपचारशास्त्र सांगते.

संज्ञा आणि व्याख्या

सायकोसिस हे एका विशिष्ट रोगाचे नाव नसून वास्तवाशी असलेला मनाचा संबंध सुटण्याच्या अवस्थेचे नाव आहे. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणे, आपल्याविरुद्ध कट रचला जात आहे अशी ठाम पण निराधार समजूत होणे, बोलण्यात व विचारांत विस्कळीतपणा येणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय मनोविकार, तीव्र नैराश्य, व्यसनी पदार्थांचे सेवन, तसेच मेंदूचे काही विकार यांमध्ये ही अवस्था उद्भवू शकते. स्किझोफ्रेनियासाठी मराठीत छिन्नमनस्कता हा शब्द वापरला जातो. ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ असा त्याचा अर्थ लावणे मात्र चुकीचे आहे. एका माणसात दोन माणसे वावरणे हे या आजाराचे लक्षण नाही.

भास, भ्रम यांसारख्या लक्षणांना ‘अधिक लक्षणे’ म्हणतात. उत्साह मावळणे, भावना चेहऱ्यावर न उमटणे, बोलणे कमी होणे, माणसांत मिसळावेसे न वाटणे यांना ‘उणी लक्षणे’ म्हणतात. यांखेरीज लक्ष देणे, स्मरणात ठेवणे, नियोजन करणे या क्षमताही मंदावतात. पुनर्वसनाच्या दृष्टीने उणी लक्षणे आणि मंदावलेल्या क्षमता यांचे महत्त्व अधिक असते. कारण औषधांचा प्रभाव मुख्यतः अधिक लक्षणांवर पडतो आणि अभ्यास किंवा नोकरी अडते ती बहुधा बाकीच्या दोन कारणांमुळे. घरच्यांना हा आळस वाटतो. तो आजाराचा भाग आहे, हे समजणे ही पुनर्वसनाची पहिली पायरी मानली जाते.

सावरणे या कल्पनेचे दोन अर्थ प्रचलित आहेत. पहिला वैद्यकीय अर्थ असा की, लक्षणे ठरावीक काळ नाहीशी किंवा सौम्य राहावीत आणि व्यक्तीचा व्यवहार पूर्ववत व्हावा. दुसरा अर्थ व्यक्तिगत आहे. अमेरिकन पुनर्वसनतज्ज्ञ विल्यम अँथनी यांनी १९९३ साली त्याची मांडणी केली. काही लक्षणे शिल्लक असतानाही समाधानाचे, आशेचे आणि उपयुक्त आयुष्य जगता येणे म्हणजे सावरणे, असा तिचा आशय आहे. २०११ साली ब्रिटनमधील संशोधकांनी व्यक्तिगत सावरण्याचे पाच घटक मांडले : माणसांशी जोडलेपण, आशा, स्वतःची ओळख, जगण्यातील अर्थ आणि स्वतःच्या आयुष्यावरील अधिकार.

तरुण वय आणि आजाराची सुरुवात

आजार उघड होण्यापूर्वी बहुधा काही महिने किंवा वर्षे सूचक बदल दिसू लागतात. झोप बिघडते, अभ्यासातील गुण घसरतात, मुलगा किंवा मुलगी खोलीबाहेर येईनाशी होते, संशय वाढतो. या वयात असे बदल इतर कारणांनीही होतात, त्यामुळे ते ओळखणे कठीण जाते. पुरुषांमध्ये आजाराची सुरुवात सरासरीने स्त्रियांपेक्षा काही वर्षे लवकर होते. गांजाचे, विशेषतः तीव्र प्रकारच्या गांजाचे सेवन आजाराचा धोका वाढवते आणि बरे झाल्यानंतर तो उलटण्याचेही ते एक कारण ठरते.

दहावी-बारावीच्या परीक्षा, पदवी, पहिली नोकरी, घरापासून दूर राहणे, विवाह हे टप्पे साधारणपणे पंधरा ते तीस या वयात येतात. पन्नाशीतील माणूस आजारी पडला तर त्याच्यापाशी परतण्यासाठी एखादा व्यवसाय आणि ओळख असते. विशीतील व्यक्तीची ओळख अजून घडायचीच असते. दोन वर्षे हातची गेली की बरोबरीचे सहाध्यायी पुढे निघून जातात आणि ‘आजारी’ हीच एकमेव ओळख उरण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे वृद्ध किंवा दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या रुग्णांसाठी आखलेले कार्यक्रम तरुणांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराचे वर्णन अकाली येणारा बुद्धिऱ्हास असे केले. तरुणपणी सुरू होऊन उत्तरोत्तर बिघडत जाणारा विकार अशी त्यांची धारणा होती. स्विस तज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा सुचवली आणि सर्वच रुग्णांची स्थिती खालावत नाही, हे निदर्शनास आणले. तरीही आजार असाध्य आहे ही समजूत पुढे अनेक दशके टिकून राहिली आणि तिच्यामुळे लाखो माणसे मनोरुग्णालयांच्या भिंतींआड राहिली.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मानसोपचारात वापर सुरू झाला. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत मनोरुग्णालयांतील खाटा कमी होत गेल्या. मात्र बाहेर आलेल्या व्यक्तींना समाजात आधार देणारी यंत्रणा त्या वेगाने उभी राहिली नाही. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या व्यक्तींच्या पुढाकारातून न्यू यॉर्कमध्ये १९४८ साली ‘फाउंटन हाउस’ उभे राहिले. येथे येणाऱ्यांना रुग्ण न म्हणता सदस्य म्हटले जाते आणि स्वयंपाक, कार्यालयीन कामे, व्यवस्थापन यांत ते कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने सहभागी होतात. ‘क्लबहाउस’ या नावाने ही पद्धती पुढे अनेक देशांत पसरली.

तरुणांसाठी स्वतंत्र सेवेची कल्पना ऑस्ट्रेलियात रुजली. पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मेलबर्न येथे पहिला आघात झालेल्या तरुणांकरिता खास केंद्र सुरू केले. ब्रिटनमध्ये मॅक्स बर्चवुड यांनी आजाराची पहिली काही वर्षे निर्णायक असतात, असा सिद्धान्त मांडला. पुढे नॉर्वे, डेन्मार्क, ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका येथे अशा ‘शीघ्र हस्तक्षेप’ सेवा सुरू झाल्या.

उपचाराविना गेलेला काळ

सायकोसिसची लक्षणे सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितके पुढील सावरणे कठीण होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हा काळ अनेकदा आश्चर्य वाटावे इतका मोठा असतो. अमेरिकेतील २१ राज्यांतील ३४ केंद्रांत ४०४ तरुण रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो मध्यक मूल्यानुसार ७४ आठवडे होता. याच अभ्यासात एकत्रित सेवा मिळालेल्यांचे जीवनमान नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारले. ज्यांचा उपचाराविना गेलेला काळ कमी होता, त्यांना लाभ अधिक झाला.

हा काळ कमी करता येतो, हे नॉर्वेतील प्रयोगाने दाखवले. तेथे रोगालान्ड विभागात वृत्तपत्रे, शाळा आणि कुटुंबवैद्य यांच्यामार्फत लोकजागृती करण्यात आली आणि कोणालाही थेट संपर्क साधता येईल अशी शोधपथके नेमण्यात आली. त्या भागात हा काळ मध्यक मूल्यानुसार ५ आठवड्यांवर राहिला. तशी मोहीम नसलेल्या भागांत तो १६ आठवडे होता. इंग्लंडमध्ये २०१६ पासून पहिल्या आघातातील किमान निम्म्या रुग्णांचे उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा मानदंड लागू करण्यात आला.

भारतात विलंबाची कारणे काही अंशी वेगळी आहेत. बाहेरची बाधा, करणी किंवा देवदेवस्की अशी समजूत, मांत्रिकाकडे घातलेल्या खेपा, ‘लग्न झाले की सुधारेल’ हा सल्ला, बदनामीची भीती आणि जवळपास तज्ज्ञ नसणे ही त्यांतील प्रमुख होत. विवाह हा सायकोसिसवरील उपचार नाही. आजार लपवून केलेल्या विवाहामुळे औषधे चोरून घ्यावी लागतात किंवा बंद पडतात आणि दोन्ही कुटुंबांचे नुकसान होते.

पुनर्वसनाचे घटक

औषधोपचार : पुनर्वसनाचा पाया औषधांनी घातला जातो. तरुण रुग्णांना सहसा कमी मात्रेने सुरुवात केली जाते. दोन वेगवेगळ्या औषधांना पुरेसा प्रतिसाद न मिळाल्यास क्लोझापिनचा विचार केला जातो. त्यासाठी नियमित रक्ततपासणी आवश्यक असते. बरे वाटू लागताच औषध थांबवणे हे आजार उलटण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पहिल्या आघातातून सावरलेल्या १०४ रुग्णांपैकी सुमारे ८२ टक्के रुग्णांचा आजार पाच वर्षांत पुन्हा उफाळला आणि औषध सोडलेल्यांमध्ये हा धोका जवळजवळ पाचपट होता. औषधांचे दुष्परिणाम न विचारता केवळ ती घेण्याचा आग्रह धरल्यास तरुण मंडळी ती लपून बंद करतात. म्हणून मात्रा आणि औषध यांचा निर्णय रुग्णाशी चर्चा करून घेणे हितकारक ठरते.

मानसोपचार : बोधात्मक वर्तन उपचारांत भास आणि भ्रम यांच्याकडे पाहण्याची व त्यांच्याशी जुळवून घेण्याची कौशल्ये शिकवली जातात. आवाज बंद झाला नाही तरी त्याची आज्ञा पाळलीच पाहिजे असे नाही, हा अनुभव रुग्णाला बळ देतो. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अशी किमान १६ आणि कुटुंबासोबतची किमान १० सत्रे सुचवली आहेत.

कुटुंबाचे प्रबोधन : लंडनमधील समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की, सतत टीका, चीड किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत परतलेल्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उलटतो. याचा अर्थ कुटुंबामुळे आजार होतो असा नाही. आजाराची माहिती, संवादाची पद्धत आणि प्रश्न सोडवण्याची कौशल्ये कुटुंबाला शिकवल्यास आजार उलटण्याचे प्रमाण घटते. चंडीगढ येथील अभ्यासात भारतीय कुटुंबांत अशा टीकात्मक वातावरणाचे प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळले होते.

शिक्षण : महाविद्यालयात परतणे हे अनेक तरुणांचे पहिले उद्दिष्ट असते. सत्राचा खंड, कमी विषय घेऊन पुन्हा सुरुवात, परीक्षेत अधिक वेळ, सकाळच्या तासांतून सवलत आणि विश्वासातील एक प्राध्यापक यांची मदत होते. सकाळच्या सवलतीचे कारण साधे आहे : काही औषधांमुळे सकाळी गुंगी राहते. नियमित वर्ग झेपत नसल्यास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या मुक्त विद्यापीठांतून पदवी पूर्ण करण्याचा पर्याय उपलब्ध असतो.

रोजगार : पूर्वी रुग्णांना आधी संरक्षित कार्यशाळेत मेणबत्त्या, कागदी पिशव्या असे काम दिले जाई आणि ‘तयारी’ झाल्यावर नोकरीचा विचार होई. बहुतेकांची ती तयारी कधीच पूर्ण होत नसे. १९९० च्या दशकात डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी अमेरिकेत याच्या उलट क्रम मांडला : आधी खुल्या बाजारातील खरी नोकरी, नंतर त्या जागी टिकण्यासाठी प्रशिक्षण. काम करण्याची इच्छा एवढीच पात्रता, व्यक्तीच्या आवडीनुसार शोध, मालकाशी संपर्क आणि मुदतीचे बंधन नसलेला आधार ही या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. अनेक देशांतील नियंत्रित चाचण्यांत ती जुन्या पद्धतींपेक्षा सरस ठरली आहे.

क्षमतांचे प्रशिक्षण : लक्ष, स्मृती आणि नियोजन यांचा सराव संगणकावर किंवा कागदावर करून घेतला जातो. नोकरी किंवा अभ्यासासोबत दिल्यास या प्रशिक्षणाचा उपयोग अधिक होतो. वही बाळगणे, मोबाइलवर गजर लावणे, मोठे काम लहान टप्प्यांत विभागणे हे साधे उपायही यात शिकवले जातात.

शारीरिक आरोग्य : तीव्र मानसिक आजार असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे १० ते २० वर्षांनी कमी असते आणि त्याला हृदयविकार, मधुमेह यांसारखे शारीरिक आजार मोठ्या प्रमाणात कारणीभूत असतात. काही औषधांनी उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांतच वजन झपाट्याने वाढते. म्हणून वजन, रक्तदाब व रक्तशर्करा यांची नोंद, व्यायाम आणि तंबाखूमुक्ती यांचा समावेश पुनर्वसनात केला जातो. पहिल्या आघातानंतरच्या काळात आत्महत्येचा धोकाही वाढलेला असतो. आजाराची जाणीव होऊन भविष्याबद्दल निराशा दाटू लागते, तेव्हा विशेष सावधगिरी आवश्यक असते.

समानुभवींचा आधार : स्वतः आजारातून गेलेली व्यक्ती नवख्या रुग्णाला जो धीर देऊ शकते, तो इतरांना देता येत नाही. नेदरलँड्समधील मानसोपचारतज्ज्ञ मारिउस रोम यांच्या कामातून आवाज ऐकू येणाऱ्यांचे गट सुरू झाले. महाराष्ट्रातील स्वमदत गटांत आजार असलेल्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली आहे. ‘रुग्ण’ आणि ‘पालक’ या शब्दांतील असमानता त्यामुळे टळते.

निष्पत्तीविषयीचे संशोधन

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणानुसार पहिल्या आघातानंतरच्या रुग्णांपैकी सुमारे ५८ टक्के लक्षणमुक्त झाले, तर व्यवहारासह सावरलेल्यांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. या दोन आकड्यांतील अंतर हेच पुनर्वसनाचे कार्यक्षेत्र म्हणता येईल.

डेन्मार्कमधील कोपनहेगन आणि ऑर्हूस येथे ५४७ तरुणांवर झालेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या सघन सेवेमुळे लक्षणे, व्यसन आणि उपचारांतील सातत्य यांत स्पष्ट सुधारणा दिसली. सेवा थांबल्यानंतर पाच वर्षांच्या टप्प्यावर मात्र यांतील बरेचसे लाभ टिकलेले आढळले नाहीत. यावरून दोन वर्षांचा आधार पुरेसा आहे काय, हा प्रश्न पुढे आला आणि काही देशांनी ही मुदत वाढवली.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात सुरू केलेल्या नऊ देशांतील अभ्यासात भारतातील आग्रा हे एक केंद्र होते. भारत, नायजेरिया यांसारख्या देशांतील रुग्णांची पुढील वाटचाल श्रीमंत देशांपेक्षा बरी असल्याचे त्यात आढळले. एकत्र कुटुंब आणि शेतीतील लवचीक काम ही त्याची कारणे सांगितली गेली. पुढे २००८ साली काही संशोधकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले. उपचार न मिळालेल्यांची दुरवस्था आणि रुग्ण स्त्रियांना सोसावा लागणारा परित्याग त्यात झाकला जातो, असे दिसून आले. चेन्नई येथे १९८१-८२ मध्ये पहिला आघात झालेल्या ९० रुग्णांचा पंचवीस वर्षे मागोवा घेण्यात आला. आजाराची वाट प्रत्येकाची वेगळी असते आणि सततचा ऱ्हास हा नियम नाही, हे या अभ्यासाने अधोरेखित केले.

भारतातील स्थिती

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आयुष्यात केव्हा तरी स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम आजार झालेल्यांचे प्रमाण सुमारे १.४ टक्के आहे आणि अशा आजारांत सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्ती उपचारांपासून दूर आहेत. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत मोफत सल्ला मिळतो.

मनोसामाजिक पुनर्वसनात चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेचे कार्य पायाभूत मानले जाते. डॉ. एम. शारदा मेनन यांनी १९८४ साली तिची स्थापना केली. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्य संस्था स्थापन केली. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी कौटुंबिक अनुभवातून प्रेरणा घेऊन पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. शुभार्थी आणि शुभंकर यांचे स्वमदत गट हे तिच्या कार्याचे वैशिष्ट्य आहे.

तज्ज्ञांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून सातारा, गोवा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे एक नियंत्रित चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकूण २८२ रुग्णांपैकी १८७ जणांना रुग्णालयीन उपचारांसोबत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांची घरपोच मदत मिळाली. वर्षभरानंतर त्यांची लक्षणे आणि अक्षमता केवळ रुग्णालयीन उपचार घेणाऱ्यांपेक्षा काहीशी अधिक घटलेली आढळली. फरक मर्यादित होता. तथापि योग्य प्रशिक्षण व देखरेख असल्यास पदवीधर तज्ज्ञ नसलेली व्यक्तीही हे काम करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

पहिल्या आघातातील तरुणांसाठी खास सेवा भारतात अजून प्रामुख्याने मोठ्या शहरांतील मोजक्या संस्थांपुरत्या मर्यादित आहेत. ग्रामीण भागात औषधाखेरीजची सर्व कामे कुटुंबावर, त्यातही बहुधा आईवर पडतात. ‘आमच्यानंतर याचे कोण?’ हा पालकांचा प्रश्न पुनर्वसनाच्या चर्चेत वारंवार येतो. निवासी केंद्रे, अर्धवाट निवास आणि आधारासह स्वतंत्र निवास यांची गरज त्यातून स्पष्ट होते.

कायदेशीर तरतुदी

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी निवासाला आग लागून साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला. या घटनेने देशातील मनोरुग्णांच्या स्थितीकडे लक्ष वेधले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ मध्ये अमलात आला. त्यानुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. समाजात राहण्याचा हक्क, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत याविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क, प्रतिनिधी नेमण्याचा हक्क आणि शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण यांची तरतूद त्यात आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील किमान ५ टक्के आरक्षणाचा लाभ घेता येतो. नोकऱ्यांपैकी १ टक्का मानसिक आजारासह इतर काही गटांसाठी एकत्रित आहे. स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांवरून दिव्यांगत्व मोजले जाते. तरुणांच्या बाबतीत हे प्रमाणपत्र घ्यावे की नाही, हा नाजूक निर्णय ठरतो. सवलती मिळतात, पण शिक्का बसण्याची भीतीही असते.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या बहाण्याने एखाद्याला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा आहे. सायकोसिस झालेल्या व्यक्तींच्या संरक्षणाच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

सामाजिक दृष्टिकोन

‘वेडा’ हा शब्द, हिंसकपणाविषयीचे गैरसमज आणि बातम्यांतील सनसनाटी वर्णने यांमुळे सावरलेली व्यक्तीही आजार लपवते. प्रत्यक्षात या आजाराच्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. त्या स्वतःच अन्यायाला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. जपानमध्ये ‘मनाचे विभाजन’ असा अर्थ असलेले स्किझोफ्रेनियाचे जुने नाव २००२ साली बदलण्यात आले. रुग्ण-कुटुंबीयांच्या संघटनेच्या मागणीतून हा बदल घडला. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटाने एका स्किझोफ्रेनियाग्रस्त तरुणाची आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची कथा मांडली. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. २४ मे हा दिवस जागतिक स्किझोफ्रेनिया दिन म्हणून पाळला जातो.

वादाचे मुद्दे

औषधे किती काळ घ्यावीत, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. नेदरलँड्समधील १०३ रुग्णांच्या सात वर्षांच्या पाठपुराव्यात, सुरुवातीच्या काळात मात्रा काळजीपूर्वक कमी केलेल्या गटातील सुमारे ४० टक्के रुग्ण सावरले; नियमित मात्रा चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. हा अभ्यास लहान होता आणि मात्रा कमी केलेल्यांमध्ये सुरुवातीच्या दोन वर्षांत आजार अधिक वेळा उलटला होता, याकडे टीकाकार लक्ष वेधतात. मात्रा कमी करायची झाल्यास ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू करावी आणि स्वतःहून औषध बंद करू नये, याबाबत दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

दुसरा वाद ‘सावरणे’ या शब्दाविषयी आहे. आशेची भाषा स्वागतार्ह असली, तरी ज्यांना दीर्घकाळ आधाराची गरज आहे अशांची सेवा तोडण्यासाठी तिचा वापर होऊ नये, असा इशारा रुग्णांच्या संघटना देतात. सावरणे म्हणजे आधाराशिवाय जगणे नव्हे. चष्मा लावून वाचणाऱ्याला जसे वाचता येत नाही असे कोणी म्हणत नाही, तसेच औषध, समुपदेशक आणि समजूतदार सहकारी यांच्या आधाराने पदवी मिळवणारा किंवा नोकरी करणारा तरुण सावरलेलाच असतो.

हेही पहा

स्किझोफ्रेनिया
द्विध्रुवीय मनोविकार
मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
स्वमदत गट
देवराई (चित्रपट)